जर्सीवरची देवी

विनायक बुधवारी गेले. सकाळी महाडच्या दुकानात होते. दुपारी छातीत दुखलं. दवाखान्यात नेलं. संध्याकाळी त्यांना पोलादपूरच्या वर आमच्या वाडीवर आणलं आणि अंधार पडायच्या आत अग्नी दिला.

विनायक सकपाळ माझे यजमान. मी त्यांना नावाने हाक मारत नसे, पण इथे नाव लिहिते आहे. नुसतं ‘हे’ लिहिलं तर वाचणाऱ्याला माणूस दिसणार नाही.

त्या दिवशी आमच्या दुकानात एका कबड्डी संघाचं काम अर्ध्यावर होतं. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा असं सांगितल्यावर मला तेच काम आठवलं. तीस वर्षांत आम्ही शेकडो संघांना कपडे दिले, पण सगळे लिहायचे तर ती नुसती जंत्री होईल.

आमचं दुकान खेळाच्या कपड्यांचं. मी मुंबईला कमर्शियल आर्ट शिकले, त्यामुळे चित्र, अक्षर, रंग माझ्याकडे. कापणं आणि शिवणं विनायकांकडे. ते स्वतः कबड्डी खेळलेले, डाव्या कोपऱ्यावर. पुढे वाडीतल्या पोरांना शिकवायचे. मी मैदानावर क्वचित गेले असेन. मला वाचायला आवडतं, आणि गर्दीत माझा जीव रमत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जर्सी म्हणजे रंगीत कापड घ्यायचं आणि त्यावर नाव छापायचं. पूर्वी तसंच होतं. आता कापड पांढरंच येतं, पॉलिस्टरचं. संगणकावर चित्र काढायचं, ते एका खास कागदावर उलटं छापायचं आणि तो कागद कापडावर ठेवून यंत्रात तापवायचा. तापल्यावर कागदावरचा रंग कापडात उतरतो. कागदावर तो फिका, मळकट दिसतो, खरा रंग उष्णता लागल्यावरच कळतो. भगवा हमखास फसवतो. जरा जास्त वेळ ठेवला की विटकरी होतो. नवख्या गिऱ्हाईकाला मी कागद कधीच दाखवत नाही. एकदा सव गावच्या एका क्रिकेट संघाच्या कप्तानाने कागद पाहिला आणि ऑर्डर रद्द करायला निघाला. त्याला वाघ, गरुड आणि तलवार तिन्ही एका चिन्हात हवं होतं. मी म्हटलं, “दादा, लांबून हे वांग्याच्या भरतासारखं दिसेल.” तो म्हणाला, “जवळून बघायला सांगू लोकांना.” तसंच करून दिलं. मला त्या जर्सीची लाज वाटायची, त्याला अभिमान होता. धंद्यात अशा वेळी कोण बरोबर हे ठरवता येत नाही.

आता ते कबड्डीचं काम. आमच्या वाडीचं मंडळ गावदेवीच्या नावाने खेळतं. जिल्ह्यात एक व्यावसायिक लीग निघाली, खेळाडूंना मोसमाचे पैसे मिळणार होते. वाडीचेच संतोष मोरे यांनी संघ घेतला. त्यांचे वडील मुंबईला गेले तेव्हा ते पाळण्यात होते, पालखीला तेवढे येतात. मुंबईत त्यांचा केटरिंगचा मोठा व्यवसाय आहे. संघाचं नाव ठेवलं सह्यकडा वॉरियर्स. ते दुकानात आले ते मोबाईलवर अमेरिकेतल्या बास्केटबॉल संघांची चित्रं घेऊनच.

“वहिनी, हे बघा. याला म्हणतात जर्सी. छातीभर एक चेहरा. टीव्हीवर दिसला की माणूस विसरणार नाही.”

“चेहरा कोणाचा?”

“आपल्या देवीचा. दुसरा कोणाचा असणार?”

आमच्याकडे देवीचं रूप म्हणजे चांदीचा मुखवटा. तो एरवी पेटीत असतो आणि पालखीच्या वेळी बाहेर निघतो. मोठे डोळे, नथ, मळवट. चित्र म्हणून मला तो फार आवडायचा. संतोषभाऊंनी गावाला विचारलं, गावाने देवीला विचारलं. इकडे मोठी गोष्ट ठरवायची तर कौल लावतात. गुरव देवळातल्या देवीच्या पाषाणमूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीला मोठ्याने प्रश्न विचारतो. उजवीकडची कळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. उजवी कळी लगेच पडली. सगळे खूश झाले. मी मुखवटा गळ्यापासून कमरेपर्यंत आणला, रेषा कमी केल्या, तीन रंगांत बसवला. इतकं चांगलं चिन्ह मी त्याआधी केलं नव्हतं, असं तेव्हा माझं मत होतं.

विनायकांचा वाद वेगळ्याच गोष्टीवरून झाला. बास्केटबॉलच्या बनियनला मुंढा, म्हणजे बाहीची जागा, मोठा आणि मोकळा असतो. कबड्डीत मोकळा मुंढा असला की पकडणाऱ्याची बोटं त्यात अडकतात, मोडतात. त्यांनी संतोषभाऊंना काही समजावलं नाही. मुंढा घट्ट कापला, बगलेला दुहेरी शिवण घातली आणि नमुना त्यांच्या अंगात चढवून म्हणाले, “आता पळून दाखव.” संतोषभाऊ दुकानातल्या दुकानात पळाले आणि मान्य करून गेले.

सरावासाठी पहिला पूर्ण संच छापून, शिवून तयार होता. प्रत्येकाच्या पाठीवर आडनाव. त्याच संचाच्या पिशव्या बांधून ठेवल्या होत्या त्या बुधवारी.

मी वाडीवरच्या घरी होते. पहिल्या दिवसांत माणसं येऊन बसतात, काय झालं ते विचारतात, आणि आपण तेच तेच सांगतो. रविवारी पोलादपूरला शाळेच्या मैदानावर निवड सामना होता. तारीख आधीच ठरलेली, मुंबईहून लीगची माणसं येणार होती, म्हणून तो झाला. वाडीतल्या चौदा पोरांचे मिसळून दोन गट केले होते, सगळ्यांच्या अंगात नवीच जर्सी. चौदांत सात जण सकपाळ, आमच्याच भावकीतले. बाकीचे मोरे आणि इतर. माझा सख्खा पुतण्या निलेश संघाचा कप्तान.

सोमवारी दत्ता आला. दत्ता उतेकर, विनायकांचा शिष्य, आता संघाचा प्रशिक्षक. दारात चपला काढून बराच वेळ उभाच राहिला.

“बस ना रे.”

“काकी, तुम्हाला आता हे सांगायला नको. पण मी कुणाकडं जाऊ?”

त्याने सांगितलं ते असं. सामना वाईट झाला. सकपाळांच्या पोरांनी एक धड पकड केली नाही. चढाईला आलेला गडी अंगावरून निघून जात होता आणि ही पोरं हात लावून सोडून देत होती. संतोषभाऊंनी तिथेच ठरवलं की सातही सकपाळ काढायचे आणि बाहेरचे सात खेळाडू आणायचे. खेळाडूंची यादी आणि जर्सीचं अंतिम चिन्ह शनिवारी लीगकडे द्यायचं होतं.

“सगळे सकपाळ?” मी विचारलं.

“सगळे. गावात काय होईल सांगा. मोरेंनी सकपाळ काढले असंच म्हणणार लोक. पालखीला दोन्ही भावक्या खांदा लावतात. यंदा लावतील काय?”

“तू त्यांना काय सांगितलंस?”

“म्हटलं, पोरांचं मन थाऱ्यावर नाय. ज्यानं शिकवलं तो माणूस गेला. ते म्हणाले, मला दुःख समजतं, पण लीगला कळत नाय.”

निलेशला त्या मोसमाचे पैसे मिळाले तर तो गॅरेजची नोकरी सोडून खेळणार होता. त्याच्याबरोबरच्या दोघांचंही तसंच होतं. इथली पोरं दहावी झाली की मुंबईला जातात आणि पुढे सणाला येतात तेवढीच. तिघांना गावात राहण्याचं कारण पहिल्यांदा तयार झालं होतं, आणि ते शनिवारी जाणार होतं.

दत्ताने सामना मोबाईलवर घेतला होता. मी तो पाहिला. मला कबड्डीतलं फार कळत नाही, पण माझं सगळं आयुष्य कपड्यावर काय दिसतं ते बघण्यात गेलं. मी खेळाडूंकडे न बघता जर्सीकडे बघत होते. पहिल्यांदा चिन्ह लांबून कसं दिसतं तेच पाहिलं. नंतर हात दिसायला लागले. चढाईपटू वळला की मोरेंची पोरं त्याला कमरेला मिठी मारत होती, छातीला धडक देत होती. पाठीवर सकपाळ लिहिलेल्यांचे हात छातीपर्यंत येत होते आणि उघडत होते. घोट्याला मात्र ती बिनधास्त हात घालत होती. घोट्याला कापड नव्हतं.

“दत्ता, हे परत लाव.”

त्याने लावलं.

“निलेशच्या गळ्याशी बघ. आतून पांढरं काय आहे?”

“बनियन हाय.”

“बाकीच्या सकपाळांनी?”

त्याने मोबाईल डोळ्यांजवळ धरला. सातही जणांनी जर्सीच्या आत बनियन घातलं होतं. मोरेंपैकी एकानेही घातलं नव्हतं.

मी निलेशला बोलावलं. तो मागच्या पडवीत आला आणि खांबाला टेकून उभा राहिला. दत्ता ओट्यावर होता, त्याला तो दिसत नव्हता.

“आतून बनियन का घातलं होतंस?”

“थंडी होती, काकी.”

“दुपारी दोनला?”

तो खांबावरची पोपडी नखाने काढायला लागला.

“निलेश, मी कुणाला सांगणार नाही, असं म्हणत नाही. सांगावंच लागेल. पण आधी मला सांग.”

“काकी, सुतक हाय ना आपल्याला. देवीला अंगाला कशी लावणार? घातल्याबिगर मैदानात उतरवत नव्हते. मग आतनं बनियन घातलं. पण हाताला काय घालणार?”

“दत्ताला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग आज बसा बाहेर. निवडच ती. बाहेर बसलो असतो तर संपलाच विषय.”

सुतक पाळणाऱ्याला घराबाहेर पडता येतं, कामाला जाता येतं, खेळताही येतं. देवाला शिवता येत नाही, एवढंच. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे. भावकीत कोणी गेलं की सगळ्या भावकीला तेराव्यापर्यंत सुतक लागतं, आणि मूल जन्मलं की सोयर, तेही तसंच. मी स्वतः त्या वेळी देवघराकडे पाठ करून बसत होते. शेजारणी येऊन आमच्या देवाला फुलं घालत होत्या. आणि मी काढलेली देवी मंडळाच्या सात पोरांच्या छातीवर होती. गावाने विचारलं होतं, गुरवाने विचारलं होतं, देवी हो म्हणाली होती. सुतक आलं तर काय, हे कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

संतोषभाऊंना फोन लावायचा तर आमच्या घरातून रेंज मिळत नाही. घरामागच्या फणसाखाली जावं लागतं. माझी जाऊ सुमनताई सोबत आली. दोघी फणसाखाली दगडावर बसलो.

संतोषभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “वहिनी, सुतक काय, दोन-चार दिवसांत फिटेल. मी पोरांना परत एक संधी देतो त्यानंतर. जर्सी बदलायची काय गरज?”

“यादी शनिवारी द्यायची आहे. तेरावं सोमवारी, म्हणजे तेव्हाही सुतक असेल.”

“लीगला सांगतो, चार दिवस द्या.”

“आणि पुढच्या वेळी?”

“पुढच्या वेळी म्हणजे? रोज कोण जातंय?”

सुमनताईने माझ्या हातातून फोन घेतला. “संतोषा, मी सुमन. सकपाळांची चाळीस घरं हायत. माझी सून या महिन्यात मोकळी होईल. धाकट्या वाडीतल्या दोघी फाल्गुनात. भावकीतले म्हातारे नाना अंथरुणाला खिळलेत. आणि तुमच्या मोरेंत काय कुणी बाळंत होत नाय? मूल झालं की तुझा अर्धा संघ घरात बसणार. पाळणा हलला की मॅच गेली, असं चालंल काय तुला?”

संतोषभाऊ हसत होते की चिडले होते, मला कळेना.

“वहिनींना द्या,” ते म्हणाले. मी फोन घेतला. “वहिनी, बॅनर छापले आहेत. मुंबईत लोगो सगळ्यांनी पाहिला. लोक म्हणतात, असा लोगो लीगमध्ये नाही. आणि खरं सांगू? महाड-पोलादपूरच्या कुठल्या संघाची पोरं आपल्या देवीच्या तोंडावर हात घालायला धजतील? आपला फायदाच आहे त्यात.”

हे त्यांनी गंमतीने म्हटलं नव्हतं. मला राग आला. त्या दिवसांत दुःख सतत होतं, राग मात्र आला नव्हता. तो आला तेव्हा बरंच वाटलं.

“भाऊ, माणसं देवीला भिऊन सोडतील आणि आपण जिंकू, असं जिंकणं विनायकांना सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं?”

“तुम्ही त्यांना मध्ये आणू नका.”

“ते मध्येच आहेत. त्यांच्यामुळेच सुतक आहे.”

सुमनताई माझ्याकडे बघायला लागली.

मग मी माझ्या बाजूने एक अट घातली. शुक्रवारी पोरांना साध्या पांढऱ्या बनियनवर परत खेळवा. पकडी नीट झाल्या तर सकपाळांना खेळ बघून घ्या नाहीतर काढा, आडनाव बघून नको, आणि चिन्ह बदला. नाही झाल्या, तर बाहेरचे आणा, जर्सी आहे तशी ठेवा. मी गावात कोणाला काही बोलणार नाही आणि माझी भावकी काही बोलणार नाही हे मी बघेन.

“आणि देवीचं काय? तिने हो म्हटलंय. तिला काढायची तर परत विचारावं लागेल.”

ते खरं होतं. कौलाने आलेली देवी कौलाशिवाय काढता येत नाही.

कौल गुरुवारी लागला. गुरव आमच्या भावकीतला नाही, त्यामुळे तो लावू शकत होता. दत्ता आणि मोरेंपैकी दोघे मानकरी देवळात गेले. आम्हाला जाता येत नव्हतं. मी आणि सुमनताई परत फणसाखाली जाऊन बसलो. सकपाळांची पोरंही थोडी लांब, बांधावर येऊन बसली. निलेश गवताची काडी घेऊन नुसती मोडत होता.

बऱ्याच वेळाने फोन वाजला.

“काकी, डावी पडली,” दत्ता म्हणाला.

पोरांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं. एक जण उठून वाडीकडे चालायला लागला.

“किती वेळ एकही पडत नव्हती. मग डावीच पडली. बाबू गुरव म्हणतो, आई नाय म्हणते.”

“गाऱ्हाणं काय घातलं त्याने?” मी विचारलं. का विचारलं ते माहीत नाही. शब्दांकडे लक्ष द्यायची सवय आहे, म्हणून असेल.

“म्हणाला, आई, तुला पोरांच्या अंगावरनं काढू काय?”

सुमनताईने कपाळावर हात मारला आणि फोन ओढून घेतला. “दत्ता, बाबूकडं दे. बाबू? अरे असं कोण विचारतं? घरातल्या म्हातारीला विचार बघ, तुला बाहेर काढू काय म्हणून. हो म्हणेल काय? तिला म्हण, आई, पोरांना सोयरसुतक असतं. तू देवळातच बस, पोरं तुझं नाव घेऊन खेळून येतील. असं विचार.”

“सुमनबाय, देवळात फोनवरनं सांगतेस? तुला सुतक हाय ना?”

“मना हाय, फोनला नाय. विचार तू.”

बाबू गुरव म्हणाला की आणखी एकदाच विचारीन, त्यावर आई सांगेल ते शेवटचं. फोन चालूच ठेवला होता. आम्हाला घंटा ऐकू आली, त्याचं गाऱ्हाणं अस्पष्ट ऐकू आलं, मग काहीच नाही. सुमनताईने माझा हात धरला होता. तिची पकड इतकी घट्ट होती की माझी बांगडी असती तर फुटली असती. बांगड्या नव्हत्या.

“उजवी,” दत्ता म्हणाला. “उजवी पडली, काकी.”

पोरं ओरडली वगैरे नाहीत. चालायला लागलेला पोरगा परत आला आणि बांधावर बसला.

आता चिन्ह नवं हवं होतं आणि हातात दीड दिवस होता. दत्ताने दुकानातून लॅपटॉप आणून दिला. सुतकात देवी काढता येत नव्हती, ते एका अर्थी सोयीचंच होतं, मोह होणार नव्हता. डोंगर, वाघ, ढाल हे काढून पाहिलं. सगळं दुसऱ्या कुठल्याही संघाचं असू शकलं असतं. मग त्या चित्रणातली एक गोष्ट आठवली. बचावाला उभी राहिलेली पोरं दोघा-दोघांनी एकमेकांचे हात धरतात, त्याला साखळी म्हणतात. मनगटाला मनगट. चढाईपटू आला की साखळी वळून त्याला घेरते. मी तेच काढायचं ठरवलं, दोन मनगटं एकमेकांत अडकलेली, बाकी काही नाही. ते तीन रंगांत बसतं, टिकलीएवढं लहान केलं तरी कळतं, आणि सुतकात कोणीही अंगाला लावू शकतो.

हात काढायचा असला की मी विनायकांना हात पुढे करायला सांगायची. ते कुरकुरत करायचे. या वेळी डावं मनगट मी माझंच बघून काढलं. उजवं आठवणीने काढलं. चित्र झाल्यावर ते तपासून बघायला मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

शुक्रवारी निवड परत झाली. मी गेले नाही, आणि दत्ताला सांगितलं होतं की फोन करू नकोस, येऊन सांग. तो संध्याकाळी आला. त्याच्या कोपराला खरचटलं होतं.

“तू खेळलास की काय?”

“एक गडी कमी होता. निलेशनं छातीला मिठी घालून आपटला मला. माझ्याच शिष्यानं.” आणि तो तिथेच पायरीवर बसून रडला. इतक्या दिवसांत तो रडला नव्हता. मी त्याला पाणी दिलं. मग सगळं सांगितलं त्याने. पोरांनी चांगल्या पकडी केल्या. संतोषभाऊ मैदानाच्या कडेला शेवटपर्यंत उभे होते. शेवटी निलेशजवळ गेले आणि एवढंच म्हणाले, “आधी का नाही सांगितलं रे?” निलेश म्हणाला, “तुम्ही विचारलं नाय, शेठ.”

यादीत पाच सकपाळ राहिले. दोघे गेले. त्यांतला एक खरंच कच्चा होता. दुसरा, महेश, चांगला होता असं दत्ताला अजून वाटतं. शुक्रवारी त्याचा दिवस नव्हता. मी आडनाव बघू नका म्हटलं होतं आणि संतोषभाऊंनी ते पाळलं, त्यामुळे मला तक्रार करता येईना. महेश पुढच्या महिन्यात मुंबईला गेला. भेटला की अजूनही नमस्कार करतो. मला त्याच्याशी फार बोलता येत नाही.

नवं चिन्ह संतोषभाऊंना आवडलं नाही. “वहिनी, हे बँकेच्या जाहिरातीसारखं दिसतं,” असं म्हणाले. मला त्यात थोडं तथ्य वाटलं. पण सही केली. शनिवारी कागद लीगकडे गेले. रविवारी दत्ताने आणि शेजारच्या एका शिंप्याने दुकान उघडून नवा संच तापवला. भगवा पहिल्या चार जर्स्यांना विटकरी झाला. विनायक असते तर यंत्रापाशी उभे राहून रंग पकडला असता. मी फोनवरून सेकंद सांगत राहिले आणि पाचवी बरोबर आली.

मुखवटा असलेल्या जर्स्या मंडळाने देवळात दिल्या. त्यांची घडी घालून पेटीत ठेवली आहे. त्यांतली एक मी मागू का, असं मनात आलं होतं. मागितली नाही.

लीग दोन मोसम चालली, मग बंद पडली. संतोषभाऊंनी संघ सोडला. वॉरियर्स हे नाव गेलं, मंडळ पुन्हा गावदेवीच्या नावाने खेळतं. जर्सी तीच आहे, दोन मनगटांची, आता थोडी विटलेली. निलेश आणि आणखी दोघे गावातच आहेत. निलेशने वरंधच्या रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलं आणि सुट्टीच्या दिवशी पोरांना शिकवतो. सुमनताईला नातू झाला तेव्हा संघ महाडला खेळत होता. सकपाळ खेळले. मागच्या महिन्यात नाना गेले. दुसऱ्या दिवशी सामना होता. ते खेळले आणि हरले.

दुकान मी चालवते. कापायला एक माणूस ठेवला आहे, चांगला आहे. विनायकांची कात्री त्याला दिली नाही, ती टेबलाच्या खणात आहे. पोरं सोयरसुतकात खेळू शकतात. एवढं आहे.